फिंटनच्या पियानोचं झाकण

डब्लिनजवळच्या क्लोनडॉकिनमधल्या त्या घरात मी पावणेदोन वर्षं भाड्याने राहिले. पहिल्याच आठवड्यात मला कळून चुकलं की या घरात माणसं दोन आणि पियानो एक, आणि तिघांत जास्त मान पियानोचा. तो समोरच्या खोलीत, खिडकीपासून जरा आत ठेवलेला होता. त्याला ऊन लागू द्यायचं नाही, त्यावर चहाचा कप ठेवायचा नाही, आणि त्याचं झाकण कधी लावायचं नाही. मधली एक पट्टी दाबली की खालीच राहायची, ती बोटाने वर उचलावी लागे. "बंद ठेवला की तो रुसतो," फिंटन म्हणायचे. फिंटन म्हणजे घराचे मालक आणि ब्रीड त्यांची धाकटी बहीण. दोघंही सत्तरी ओलांडलेले, दोघांचीही लग्नं न झालेली, आणि दोघांचंही भांडण सकाळच्या पॉरिजपासून सुरू व्हायचं. मी ध्वनितंत्र शिकायला सांगलीहून डब्लिनला आले होते, बाविसाव्या वर्षी, दोन बॅगा आणि आईने बांधून दिलेल्या शेंगदाण्याच्या चटणीसह. वयाने एवढ्या मोठ्या माणसांना नुसत्या नावाने हाक मारताना माझी जीभ अडखळायची. एकदा मी "फिंटनकाका" म्हटलं आणि त्याचा अर्थ सांगितला, तर ते दिवसभर स्वतःशीच तो शब्द घोळवत हसत होते.

त्या घराचे आवाज अजून माझ्या कानात आहेत. स्वयंपाकघरातला रेडिओ पहाटेपासून झोपेपर्यंत चालू असे. कुणी ऐको न ऐको, मृत्यूच्या बातम्यांपासून घोड्यांच्या शर्यतींपर्यंत तो सगळं सांगत राही. ब्रीड सोडा ब्रेड भाजायच्या, तेव्हा खालून टकटक वाजवून तो झाला की नाही ते बघायच्या, दारावर वाजवावं तसं. मी मांस खात नाही हे कळल्यावर पहिले काही दिवस त्यांना माझी फार दया आली. मग त्यांनी माझ्यासाठी वेगळ्या पातेल्यात कोबी आणि बटाटे शिजवायला सुरुवात केली आणि त्या वेगळ्या पातेल्याला कुणाला हात लावू दिला नाही. फिंटन लोणी लावलेल्या ब्रेडवर माझी चटणी पसरून खायचे, डोळ्यांतून पाणी काढायचे आणि पुन्हा घ्यायचे. "तुझ्या आईला सांग, यात काहीतरी जादू आहे," असं म्हणत बरणी प्रेसमध्ये, म्हणजे भिंतीतल्या कपाटात, स्वतःच्या हाताने मागे सरकवून ठेवायचे. ती ब्रीडना दिसू नये म्हणून.

फिंटन संगीतकार होते हे मला आधी माहीतच नव्हतं. शाळेत संगीत शिकवून आणि चर्चमध्ये ऑर्गन वाजवून ते निवृत्त झालेले, एवढंच ब्रीडनी सांगितलं होतं. पुढे एका रविवारी मी विषय काढला की माझे बाबा संगीत नाटकांना ऑर्गनची साथ करायचे. आमच्याकडे अशी नाटकं असतात, ज्यांत माणसं बोलता बोलता गायला लागतात. फिंटननी चमचा खाली ठेवला. "अगं, मग मी तेच तर लिहायचो," ते म्हणाले. त्यांनी तरुणपणी तीन ऑपेरेटा केल्या होत्या, हलक्याफुलक्या, हसवणाऱ्या. पहिली गावोगावच्या हॉलमध्ये दोन हिवाळे फिरली आणि तिच्यातल्या दोन गाण्यांची एक तबकडी निघाली. दुसरी डब्लिनच्या थिएटरात चार रात्री चालली. तिसरी होती एका खेड्यातल्या पोस्टमास्तरणीची. ती गावातली सगळी पत्रं वाफेवर उघडून वाचते, त्यामुळे कुणाचं कुणावर प्रेम आहे ते तिला पक्कं माहीत असतं, आणि शेवटी ती कुणाशीच लग्न करत नाही, उलट सगळ्यांना हसून वाटेला लावते. तिसरी पडली. त्यानंतर फिंटननी एकही सूर कागदावर मांडला नाही.

ती का पडली हे ब्रीडकडून कळलं. पोस्टमास्तरीण मॉरीन नावाची मुलगी करणार होती. प्रयोगाला पंधरा दिवस उरले असताना तिचं लग्न ठरलं आणि ती नवऱ्यासोबत कॉर्कला निघून गेली. दुसऱ्या मुलीने घाईघाईत पाठ करून गायलं आणि पहिल्याच रात्री सगळं कोसळलं. "आणि हा वेडा," ब्रीड भावाकडे बोट करून म्हणाल्या, "चाळीस वर्षं त्याने तिचं नाव घेतलं नाही. ती परत आली, टॅलाला राहायला लागली, बसने अर्ध्या तासावर, तरी नाही." फिंटन खिडकीबाहेर बघत होते. ते म्हणाले, "पाऊस थांबलाय. मी कचऱ्याचा डबा बाहेर ठेवून येतो." पाऊस अजिबात थांबला नव्हता.

मग एक दिवस त्यांनी मला जिन्याखालच्या प्रेसमधून एक टेप काढून दिली. मोठ्या चक्राची, जुन्या तऱ्हेची, पुठ्ठ्याचा डबा फुगलेला. चर्चच्या हॉलमधल्या तालमीत कुणीतरी यंत्र आणलं होतं, म्हणाले, आणि शेवटचं गाणं टेप करून घेतलं होतं. मॉरीन गायलेली तेवढी एकच गोष्ट जगात आहे. ऐकायला यंत्र नाही म्हणून चाळीस वर्षं ती तशीच पडून होती. म्हणजे असं ते म्हणाले. यंत्र मिळवायला चाळीस वर्षं लागत नाहीत हे मलाही कळत होतं. आमच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत तसं यंत्र होतं. टेपवरचा तपकिरी थर बोटाला लागत होता, तेव्हा ती जेमतेम एकदाच चालेल हे उघड होतं. मी ती एकदाच चालवली. सुरुवातीला खुर्च्या सरकल्याचा आवाज, पत्र्यावर पाऊस, मग फिंटनचा तरुण आवाज, "एक, दोन, तीन," आणि मग ती. मी शिकले तेवढ्या वर्षांत आणि त्यानंतरही असा आवाज ऐकला नाही. तो फार मोठा नव्हता की फार शिकलेला नव्हता, पण हसत हसत गाणं म्हणजे काय ते त्यात होतं. गाण्यात एका ठिकाणी पोस्टमास्तरणीने खळखळून हसायचं असतं. ती तिथे खरंच हसली, तिच्या मागोमाग पियानोवरचा माणूसही हसला, आणि तरीही त्याचा एक सूर चुकला नाही. साडेतीन मिनिटांनी टेप तुटली, पण तोवर सगळं उतरून झालं होतं. मी त्याची एक सीडी केली आणि घरी आणली.

इथे बाबांबद्दल सांगायलाच हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. मी दहावीत असताना बाबा गेले. बाबांची घरी वाजवायची पेटी आईने त्याच दुपारी भिंतीकडे तोंड करून ठेवली आणि तिच्यावर पांढरी चादर घातली. शेजाऱ्यांनी आपणहून रेडिओ बंद केला. बाबांनी ज्यांना साथ केली ते गाणारे भेटायला आले, आमच्या सतरंजीवर मान खाली घालून बसले आणि कुणी गुणगुणलंसुद्धा नाही. तेरा दिवस आमच्या घरात सूर निघाला नाही. मला तेव्हा ते फार मोठं वाटलं होतं. ज्याने आयुष्यभर सूर दिला त्याच्यासाठी सगळ्यांनी सूर बंद ठेवले, याहून मोठा मान कुठला? बाबांचं वाजवणं कुठेही टेप झालेलं नाही. एका लग्नाच्या कॅसेटमध्ये भटजींच्या आवाजामागे त्यांची पेटी ऐकू येते, तेवढीच. हे सगळं मी फिंटन आणि ब्रीडना एकदा सांगितलं होतं, बटाटे सोलता सोलता. ब्रीडनी तेव्हा सुरी थांबवून पूर्ण ऐकलं होतं. त्यांनी ते किती नीट ऐकलं होतं हे मला फार उशिरा कळलं.

सीडी मी फिंटनच्या हातात दिली, तर त्यांनी ती ऐकायला नकार दिला. "मला आठवतंय ते," ते म्हणाले. मग जरा वेळाने, पियानोच्या पट्ट्यांकडे बघत, "एक काम करशील? मी गेलो की मला याच खोलीत ठेवतील. दोन दिवस माणसं येतील, चहा पितील, माझी खोटी स्तुती करतील. मॉरीन येईल. येईलच ती, वेक, म्हणजे गेलेल्या माणसाभोवती बसून गाणी-गोष्टींत केलेलं जागरण, इकडे कुणी चुकवत नाही. ती आली की हे लाव. तिला कळू दे, की मी ते ठेवलं होतं."

"असं काय बोलता? तुम्ही शंभर वर्षं जगाल," मी आपल्याकडच्या पद्धतीने म्हटलं. "आत्ताच नेऊन देऊया ना त्यांना. बसने अर्धा तास."

"नको. तिचा चेहरा बघायची माझ्यात हिंमत नाही. मेल्यावर बघावा लागणार नाही." आणि हसले. "आणि ते हसायचं गाणं आहे, लक्षात ठेव. सगळ्यांनी हसलं पाहिजे."

मी हो म्हटलं. शब्द देताना माणूस किती सहज देतो! त्या वयात मरण ही गोष्ट दुसऱ्यांच्या घरची असते, आणि माझ्या घरी ती एकदा येऊन गेली होती, म्हणून मला वाटायचं माझा तेवढा भाग झाला.

फेब्रुवारीत त्यांच्या छातीत कफ साठला. सहा दिवस हॉस्पिटलात होते. मी रोज डब्यात चटणी लावलेले ब्रेडचे तुकडे न्यायची आणि ते वास घेऊन परत द्यायचे. सातव्या दिवशी सकाळी ब्रीडचा हॉस्पिटलातून फोन आला: "तो गेला, पोरी." मी फोन ठेवला आणि मला काय करायचं ते कुणी सांगावं लागलं नाही, माझ्या हातांनीच ते केलं. रेडिओ बंद केला. समोरच्या खोलीत गेले आणि ज्याचं झाकण मी कधी लावलेलं पाहिलं नव्हतं त्या पियानोचं झाकण लावलं. माझ्या पलंगावरची धुतलेली पांढरी चादर आणून त्यावर घातली, चारी कोपरे नीट ओढले, आणि मग भिंतीला टेकून रडले. दुपारी ब्रीड आल्या. दारातच थांबल्या आणि चादरीकडे कितीतरी वेळ बघत राहिल्या. मग कोट काढता काढता म्हणाल्या, "ग्रँड," म्हणजे इथल्या बोलीत ठीक आहे, "राहू दे ते." मला वाटलं, बघ, माणसं सगळीकडे सारखीच.

त्याच दिवशी मी आईला फोन केला. सीडीचं सांगितलं, दिलेला शब्द सांगितला.

"येडी का काय तू?" आई म्हणाली. "मढं घरात असताना गाणं लावतीस? आणि ते बी हसायचं? ती म्हातारी एकटी पडली, तिला काय वाटंल त्याचा विचार कर की जरा. मरताना माणूस काय बी बोलतो. तेरा दिवस जाऊ देत, मग त्या बाईकडं नेऊन ऐकव. शब्द बी पाळल्यासारखा हुतोय."

मला ते पटलं. खरं सांगायचं तर पटवून घ्यायलाच बसले होते. मला ते गाणं त्या खोलीत लावायची भीती वाटत होती, आणि आईने भीतीला रीतीचं नाव दिलं. आज आईचं वय फिंटनपेक्षा जास्त आहे आणि मी तिला यातलं काहीही बोलत नाही. दोष तिचा नाहीच. वेक म्हणजे काय हे तिला माहीत नव्हतं. मला माहीत होतं. फिंटननी स्वतः सांगितलं होतं.

फिंटनना घरी आणलं. निळा सूट, हातात जपमाळ, चेहऱ्यावर कुणीतरी नको तेवढी पावडर लावलेली. माणसांची रीघ लागली. हॅम सँडविच, फ्रूट केक आणि न संपणारा चहा. मी दोन दिवस फक्त कप धूत होते. शेजारचे पॉरिक अकॉर्डियनची पेटी खांद्याला लावून आले, तर ब्रीड त्यांना दारातच भेटल्या, कानाशी काहीतरी बोलल्या, आणि पॉरिक मान हलवून पेटी गाडीत ठेवून आले. मी ते खिडकीतून पाहिलं आणि मला आणखीच बरं वाटलं. म्हणजे इथेही नसतंच तर! उंटावरच्या शहाण्यालासुद्धा माझ्यापेक्षा जास्त दिसलं असतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मॉरीन आल्या. त्यांच्या मुलीने चाकाच्या खुर्चीतून आणलं होतं. "आज तिचा दिवस चांगला आहे," मुलगी दारात ब्रीडना हळूच म्हणाली. "काल मलासुद्धा ओळखलं नव्हतं. आज सकाळी स्वतःच म्हणाली, फिंटनकडे ने." मॉरीन म्हणजे एवढीशी बाई, जांभळी टोपी, गुडघ्यावर शाल. त्यांनी शवपेटीच्या कडेवर हात ठेवला. मग खोलीभर बघितलं आणि त्यांची नजर चादरीवर थांबली.

"फिंटनच्या घरात इतकी शांतता?" त्या म्हणाल्या. "इथे कुणी काही वाजवणार नाही?"

मी दारात किटली घेऊन उभी होते. सीडी माझ्या स्वेटरच्या खिशात होती. दोन दिवस ती मी खिशातच ठेवली होती. सीडीचं यंत्र कोपऱ्यातल्या टेबलावर होतं, माझ्यापासून पाच पावलांवर. ब्रीडनी माझ्याकडे बघितलं, सरळ आणि बराच वेळ. मी मान खाली घातली, कारण आमच्याकडे अशा वेळी खाली मान घालतात. कुणीतरी म्हणालं, हवा किती गार आहे. मी सगळ्यांच्या कपात चहा ओतला, मॉरीनच्याही. अर्ध्या तासाने मुलगी त्यांना परत घेऊन गेली.

मी तेरा दिवस पाळले. गोड खाल्लं नाही, गाणं ऐकलं नाही. ब्रीडनी रेडिओला हात लावला नाही. त्या घरात घड्याळ आणि किटली यांखेरीज आवाज नव्हता आणि मला ते योग्यच वाटत होतं. चौदाव्या दिवशी मी बस पकडून टॅलाला, मॉरीन राहत होत्या त्या वृद्धाश्रमात गेले. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच. त्या खिडकीपाशी बसल्या होत्या. मी नाव सांगितलं, फिंटनचं नाव सांगितलं. "कोण गं?" त्या गोड आवाजात म्हणाल्या. मी त्यांच्या कानांना हेडफोन लावले आणि सीडी चालू केली.

त्या मन लावून ऐकत होत्या. बोटं खुर्चीच्या हातावर ताल धरत होती. हसायची जागा आली तेव्हा त्याही हसल्या, नेमक्या तिथेच. संपल्यावर मी हेडफोन काढले.

"किती छान गाते ही पोरगी," त्या म्हणाल्या. "कोण आहे?"

"तुम्हीच आहात, मॉरीन. तुम्हीच गाताय."

"मी?" त्यांना माझी गंमत वाटली. "नाही गं. मला कधीच गाता यायचं नाही." मग माझ्याकडे वाकून, गुपित सांगावं तशा म्हणाल्या, "पण तो पियानोवाला आहे ना, तो तिच्या प्रेमात आहे. ऐकू येतंय. तिला माहीत आहे का?"

मी म्हटलं, "नाही. तिला कुणी सांगितलं नाही." त्या "अरेरे" म्हणाल्या, मनापासून, परक्या माणसाविषयी वाटतं तसं.

घरी आले तेव्हा ब्रीड स्वयंपाकघरात होत्या. मी सगळं सांगितलं. टेप, शब्द, आईचा फोन, तेरा दिवस. रडत सांगितलं. त्यांनी माझ्यासमोर चहा ठेवला आणि म्हणाल्या, "मला माहीत होतं. त्याने मलाही सांगून ठेवलं होतं. पोरीकडे आहे, ती लावेल, म्हणाला होता."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"तू चादर घातली होतीस." त्या टेबलावरचे नसलेले कण गोळा करत होत्या. "तुझ्या वडिलांच्या पेटीवर घातली होती तशी. मी दारातून बघितलं आणि मला वाटलं, या मुलीने माझ्या भावाला स्वतःच्या बापाचा मान दिलाय. त्यावर मी काय बोलणार? पॉरिकलाही मीच परत पाठवलं. म्हटलं, पोरीला वाईट वाटेल. मॉरीन आली तेव्हा मी तुझ्याकडे बघितलं. तू मान खाली घातलीस. मग मला म्हणवेना."

म्हणजे त्यांनी सख्ख्या भावाचा वेक सुराविना होऊ दिला, का तर भाडेकरू मुलीचं मन मोडू नये म्हणून. आणि मी गप्प राहिले, का तर त्यांचं मन मोडू नये म्हणून. दोघींच्या या सभ्यपणात फिंटनचा एवढासा हट्ट कायमचा राहून गेला. त्या एका दुपारी मॉरीनना सगळं आठवत होतं. तशी दुपार त्यांना परत आली नाही. उन्हाळ्याआधी त्या गेल्या. मला आजही सगळ्यात जास्त टोचतं ते हे, की मी चुकीचं वागत होते तेव्हा मला फार चांगलं वागल्यासारखं वाटत होतं.

मी इथेच राहिले, इथेच संसार केला. आता माझं घर ब्लँचर्डस्टाउनला आहे. ती तबकडी आणि ती सीडी, एवढंच एका माणसाचं सगळं संगीत माझ्या कपाटात असतं. गेल्या हिवाळ्यात ब्रीड गेल्या, त्र्याण्णव वर्षांच्या होऊन. मी माझ्या मुलीला घेऊन त्या घरी गेले. त्याच खोलीत, त्याच खिडकीशी ब्रीडना ठेवलं होतं. पियानोचं झाकण कुणा पुतण्याने लावलं होतं. मी ते उघडलं. मग खिशातून सीडी काढली, पाच पावलं चालले आणि लावली. खोलीतली माणसं यंत्राकडे वळली. खुर्च्या सरकल्या, पत्र्यावर पाऊस वाजला, "एक, दोन, तीन." तिथे बसलेल्यांपैकी एकालाही ते गाणं माहीत नव्हतं. पण हसायची जागा आली तेव्हा आधी म्हातारे पॉरिक हसले, मग सगळी खोली हसली.

माझ्या मुलीला मराठी सगळं कळतं, पण ती उत्तर इथल्याच इंग्रजीत देते आणि आईला इथल्या मुलांसारखं 'मॅम' म्हणते. तिने माझी बाही ओढली. "हू इज शी, मॅम?"

"मॉरीन," मी म्हटलं. "आणि मागे हसतोय ना, तो फिंटन. त्याचं तिच्यावर फार प्रेम होतं."

"डिड शी नो?"

मी तिला जवळ घेतलं आणि गाणं पुन्हा पहिल्यापासून लावलं.